रिकाम्या गाडीचा ड्रायव्हर

निवृत्त झाल्यापासून लग्नात, दहाव्याला, न्हाव्याच्या दुकानात मला एकच प्रश्न विचारला जातो. "तुमी त्या बुलेटप्रूफ गाडीवर व्हते म्हणं. कोणाकोणाला बसवलं?" विचारणारा खुर्ची जवळ ओढून बसलेला असतो. मी खरं ते सांगतो, "कोणालाच नाही." त्याला वाटतं, मी गुपित राखतोय. मग तो आणखी जवळ सरकतो आणि चहा मागवतो. या गैरसमजावर मी आजवर बराच चहा प्यायलो आहे.

परभणीच्या पोलीस मोटार विभागात मी चालक होतो आणि नोकरीची उत्तरार्धातली सगळी वर्षं माझ्या ताब्यात एक चिलखती गाडी होती. पण मोठा पाहुणा जिल्ह्यात येतो तेव्हा त्याची गाडी आधीच बाहेरून येते आणि तिचा ड्रायव्हरही बाहेरचाच असतो. तिच्या मागं तशीच दुसरी गाडी धावते. रंग तोच, वजन तेच, काळी काचही तीच. पहिलीला काही झालं तर पाहुण्याला उचलून दुसरीत घालायचं आणि निघायचं. शिवाय लांबून बघणाऱ्याला कळू नये की माणूस नेमका कुठल्या गाडीत आहे. ही दुसरी गाडी माझी. मागच्या सीटवर पांढराशुभ्र टॉवेल, त्याला कडक इस्त्री, आणि सीट कायम रिकामी. मूर्ती नसलेल्या देवळात रोज पूजा करणाऱ्या गुरवासारखी माझी नोकरी होती. तक्रार नाही. पूजा मी मन लावून केली.

आता अगदीच खरं सांगायचं तर, त्या सीटवर अख्ख्या नोकरीत एकदाच एक व्यक्ती बसली. तिच्यासाठीच हे लिहायला घेतलंय. पण आधी गाडी समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

गाडी मला शिकवली करीमभाईंनी. ते आमच्या वर्कशॉपचे जुने मिस्त्री. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात एका जागीरदाराची मोटार पुसायचे, त्यामुळं राजेलोक आणि त्यांच्या गाड्या हा विषय त्यांच्या घरात, आमच्या घरात कापसाचा भाव असावा तसा रोजचा. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "दरवाजा खोल." मी जीपचं दार ओढतो तसं ओढलं आणि खांद्यात कळ आली. दार जागचं हललं नाही.

"ऐसे नक्को खींच," करीमभाई शांतपणे म्हणाले. "ये दरवाजा नइं, बुरूज है. पाँव जमा, फिर खींच."

दाराच्या पोटात पोलादी पत्रा असतो. काच एक नसते, काचेवर काच चिकटवत दोन बोटं जाड केलेली असते, आणि मागची काच खाली होतच नाही. ड्रायव्हरची तेवढी चार बोटं उतरते, कागद देण्याघेण्यापुरती. टायरच्या आत एक टणक कडं असतं, म्हणजे टायर फुटला तरी गाडी त्या कड्यावर पळून जाऊ शकते. हे सगळं अंगावर वागवताना गाडीचं वजन साध्या गाडीच्या दुप्पट-अडीचपट होतं. ब्रेक मारला की जीप थांबते. ही गाडी ब्रेक मारल्यावर थांबायचं की नाही यावर विचार करायला लागते. म्हणून पुढच्या वळणाचा विचार आपण आधीच करून ठेवावा लागतो. खात्यात आम्ही तिला बीपी म्हणायचो, बुलेटप्रूफचं बीपी. "ज्ञानोबाला बीपीवर टाकलंय" असं कोणीतरी माझ्या घरी सांगितलं, तर बायकोनं देव पाण्यात ठेवले होते.

दुपारच्या चहाला करीमभाई इतिहास सांगत. त्यांचं म्हणणं, पूर्वी राजा उघड्या गाडीतून फिरायचा, कारण लोकांना तो दिसला नाही तर राजा कशाचा. मग युरोपात कुठल्याशा गादीचा वारस आणि त्याची बायको अशाच उघड्या मोटारीत गोळ्या लागून मेले आणि त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं. तरी राजेलोक शहाणे झाले नाहीत. अमेरिकेचा एक अध्यक्ष पुन्हा उघड्या गाडीतच गेला. पुढचं सांगताना करीमभाई कप खाली ठेवायचे. त्या अध्यक्षाची ती गाडी भंगारात घातली नाही. तिला छप्पर घातलं, पत्रे घातले, जाड काचा बसवल्या आणि नंतरच्या अध्यक्षांनी ती कित्येक वर्षं वापरली. "गाडी का क्या कुसूर था?" ते म्हणायचे. मला तो अध्यक्ष गेल्यापेक्षा त्या गाडीत पहिल्यांदा बसणाऱ्या दुसऱ्या अध्यक्षाचं नवल वाटायचं.

त्यांची आणखी एक लाडकी गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत अमेरिकेच्या सरकारकडं चिलखती गाडीच नव्हती, तेव्हा एका नामचीन गुंडाची जप्त केलेली गाडी अध्यक्षांसाठी काढली म्हणे. खरंखोटं देव जाणे. करीमभाईंना मात्र ती पटायची, कारण जागीरदाराकडंही चांगल्या वस्तू अशाच यायच्या. मला आवडायची ती फ्रान्सची गोष्ट. तिथल्या अध्यक्षावर रस्त्यात गोळीबार झाला, टायर फुटले, आणि गाडीला चिलखत बिलखत काही नव्हतं. ड्रायव्हरनं तशीच गाडी दामटली आणि साहेबाला सुखरूप काढलं. ही गोष्ट संपली की करीमभाई माझ्याकडं बघायचे, आणि मी उगाच वर्दीचं बटण नीट करायचो.

आपल्याकडं बरीच वर्षं ती गोलमटोल पांढरी गाडीच होती. जिच्यातून कलेक्टर फिरायचे, तीच पत्रे ठोकून, काचा बदलून मोठ्या लोकांसाठी वापरायचे. इंजीन बिचारं तेच, आणि अंगावर नवरदेवासारखं ओझं. चढाला धापा टाकायची. पुढं मोठ्या काळ्या परदेशी गाड्या आल्या, आणि त्यातली एक जुनी झालेली फिरत फिरत आमच्या परभणीत आली. तीच माझी.

आता मुद्द्याची गोष्ट.

राष्ट्रपती मराठवाड्यात येणार होते. त्यांच्या दौऱ्यात येलदरी धरणाच्या अंगाला असलेलं मेंढपाळांचं एक गाव घेतलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना ते आवडायचं नाही. तिथल्या बायकांनी घोंगड्यांची संस्था काढली होती. लोकर त्यांच्याच मेंढरांची, सूत त्याच काढायच्या, चिंचोक्याची खळ त्याच द्यायच्या. घोंगडं विणणं मरत चाललं होतं ते या बायकांनी धरून ठेवलं, ही बातमी कुठून तरी दिल्लीपर्यंत गेली आणि पाहुण्यांनीच म्हटलं की वाटेत तिथं थोडा वेळ थांबू. संस्थेच्या प्रमुख होत्या गऊबाई. साठीच्या, बारीक, उंच, बोलताना समोरच्याच्या दंडाला धरून बोलायची सवय. वर्षानुवर्षं लोक त्यांना म्हणत आले होते की बाई, हे जाड, टोचणारं घोंगडं आता कोण घेतंय, सोडून द्या. त्यांच्या दारात देशाचा पहिला माणूस उतरणार होता.

दौऱ्याच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम असते. अख्खा ताफा खऱ्या रस्त्यानं, खऱ्या वेगानं पळवायचा. पाहुण्यांची गाडी अजून पोचायची होती, म्हणून तालमीत तिची जागा माझ्या गाडीनं घेतली. ताफ्याचे प्रमुख होते साळुंके साहेब. तोंडानं कडक, पण रात्रपाळीच्या शिपायाला डबा आलाय का ते विचारणारे. सकाळी आम्ही निघालो. डांबरी सुटली आणि गावाचा कच्चा रस्ता लागला.

मी ताडकळसकडचा, काळ्या मातीतला माणूस. ही माती वाळली की दगड असते आणि भिजली की लोणी, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. दिवस कोरडे होते, ऊन तापत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. रस्ता छान दिसत होता, धुळीचा कण नाही. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. या दिवसांत आमच्या भागात रस्त्यावर धूळ नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय.

पुढची जीप लवणातून सरळ निघून गेली. लवण म्हणजे रस्ता खाली उतरून वर चढतो ती सखल जागा. माझी गाडी तिथं आली आणि वरचा पापुद्रा भाकरीच्या पापुद्र्यासारखा फुटला. पुढची चाकं आत गेली. मी गाडी दाबली तशी मागचीही गेली. गाडी पोटावर बसली. मी इंजीन बंद केलं आणि बसून राहिलो, कारण दार उघडायला खाली जागाच नव्हती. चिखलानं दार धरलं होतं.

काय झालं होतं ते नंतर कळलं. दारात पाहुणा यायचा तर सडा टाकायचा, ही आपली रीत. इथं पाहुणा केवढा मोठा, म्हणून सडाही तेवढा. सरपंचांनी टँकर लावून सगळा रस्ता सलग काही दिवस भिजवला होता. वर बायकांनी सकाळ-संध्याकाळ घागरी ओतल्या होत्या. संस्थेची माणसं जेवढं पाणी टाकतात त्यापेक्षा आपण कमी पडू नये म्हणून वरच्या आळीनं आणखी ओतलं होतं. वरून उन्हानं कातडं धरलं आणि सगळं पाणी मुरत मुरत लवणात येऊन बसलं. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. पाहुण्यांच्या पायाला धूळ लागू नये एवढंच होतं.

ट्रॅक्टर आला, साखळी आली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तेव्हा गऊबाई आणि दोघीचौघी जणी पळत गेल्या आणि घरातली वापरातली घोंगडी घेऊन आल्या. "चाकाखाली घाला," त्या म्हणाल्या. मी खिडकीच्या चार बोटांच्या फटीतून म्हटलं, "मावशे, खराब होतील." त्या म्हणाल्या, "धुतली की साफ व्हतेत. तू गाडी हाण." घोंगड्यांनी चाकांना पकड दिली आणि गाडी बाहेर आली.

साळुंके साहेबांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "हा थांबा रद्द. उद्या पाहुणे डांबरीवरून सरळ पुढं जातील."

आवाज चढवला नव्हता, त्यामुळं सगळ्यांना ते खरं वाटलं. गऊबाई पुढं आल्या आणि त्यांनी साहेबांचा दंड धरला. बंदोबस्तातला शिपाई पुढं झाला, साहेबांनी त्याला थांबवलं.

"सायब, काहून रद्द? पाणी टाकलं म्हणून?"

"बाई, ही गाडी रुतली. उद्या पाहुणे आत असताना रुतली तर?"

"पावना धुळीत उतरवायचा का मंग? तुमच्या घरी तुमी तसं करता का?"

"माझ्या घरी राष्ट्रपती येत नाहीत."

"आमच्या घरी यायलेत," गऊबाई म्हणाल्या. "आन ते न्हाई आले तर हे समदे म्हणतेल, म्हातारीला उगं येड लागलं व्हतं. पोरी माग सोडून देतेल, सायब. एकदा सोडला की पुन्ना कोन बसतंय मागावर?"

माग सोडून देतील. साहेब लवणाकडं बघायला लागले. मीही चिखल पुसायचं निमित्त करून खाली वाकलो. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण साहेबांचं बरोबर होतं आणि बाईंचंही.

बांधकाम खात्याचे एक तरुण इंजिनिअर तिथं उभे होते. त्यांनी लवणात काठी खुपसून पाहिली. "वरचा ओला थर काढून मुरूम टाकला तर होईल," ते म्हणाले. "पण दाबायला रोलर पाहिजे, आणि रोलर हेलिपॅडवर अडकलाय. तो आज सुटणार नाही." मग स्वतःशीच हसून म्हणाले, "आमच्याकडं एक रोलर असतो, त्याला मेंढीच्या खुरांसारखे दांडे असतात. असल्या मातीला तोच लागतो. खुरं आत घुसून दाबतात ना."

गऊबाईंनी साहेबांचा दंड सोडला आणि इंजिनिअरचा धरला. "मेंढराचं खुर चालतंय?"

"अहो, मी आपलं रोलरचं सांगत होतो."

"खुर चालतंय का न्हाई तेवढं सांगा."

इंजिनिअर गोंधळले. थोडा विचार करून म्हणाले, "चालायला हरकत नाही. पण किती मेंढरं लागतील कोणाला माहीत."

गऊबाई मागं वळून म्हणाल्या, "कोण हाय तिकडं धरणाच्या कडंला? मेंढरांची समदी खांडं आणा."

साळुंके साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्या वेळी ते "नाही" म्हणाले असते तर कोणी त्यांना नावं ठेवली नसती. ते म्हणाले, "दिवस मावळायच्या आत मी पुन्हा गाडी घालणार. गाडी ज्ञानोबाची. तो जाईल म्हणाला तर थांबा राहील. नाही म्हणाला तर विषय संपला." आणि माझ्याकडं वळून हळू म्हणाले, "भिडेला पडून हो म्हणू नको."

आजवर मला कोणी काही विचारलं नव्हतं. रिकाम्या गाडीच्या ड्रायव्हरला कोण विचारणार? आणि आता अख्खं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी हो म्हणालो आणि उद्या गाडी रुतली, तर नोकरी गेली हे सोडाच, देशाच्या राष्ट्रपतींना परभणीच्या चिखलात बसवणारा म्हणून मी ओळखला गेलो असतो. मी नाही म्हणालो तर या बाईंचा माग माझ्यामुळं बंद पडला असता.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. बाप्यांनी आणि बायकांनी घमेल्यांनी ओला थर उचलून बांधावर टाकला. टेकाडावरून ट्रॉल्या भरून मुरूम आला. सरपंच स्वतः, मान खाली घालून, फावडं मारत होते. आणि धरणाच्या कडेला उतरलेली मेंढरांची खांडं यायला लागली, म्हणजे कळपावर कळप. काळी, पांढरी, बांडी. मेंढपाळांनी लवणाच्या दोन्ही अंगाला घोंगडी धरून भिंती केल्या आणि मधून मेंढरं हाकली. या टोकाकडून त्या टोकाला, फिरवून पुन्हा. मुरमाचा थर, वरून मेंढरं, पुन्हा थर, पुन्हा मेंढरं. इंजिनिअर बूट काढून मधेच उभे राहून "इकडून अजून एक फेरी" म्हणून ओरडायला लागले. शिकलेला माणूस एवढा आनंदात मी क्वचित पाहिलाय. बंदोबस्ताचे शिपाईसुद्धा काठ्या आडव्या धरून मेंढरं वळवत होते. आमच्या खात्यानं एवढी शिस्तीची गर्दी त्याआधी आणि त्यानंतर हाताळली नसेल.

रस्ता दाबला गेला, पण त्यावर लेंड्यांचा सडा पडला. साळुंके साहेब म्हणाले, "आता हे?" गऊबाई म्हणाल्या, "झाडतो की. पाण्यानं धुवायचं का?" आणि पहिल्यांदा सगळे हसले. साहेबही.

ऊन कलल्यावर तालीम. रिकामी गाडी चालणार नव्हती, वजन पूर्ण पाहिजे होतं. डिकीत ज्वारीची पोती घातली. पुढं माझ्या शेजारी साहेब बसले. मागं पाहुण्यांच्या जागी कोणीतरी बसायला हवं होतं. साहेबांनी दोन शिपायांना खुणावलं, तर ते टॉवेलाकडं बघत चुळबुळायला लागले. त्या सीटवर बसायचं कोणाला धाडस होईना. खरं सांगतो, मी स्वतः एवढी वर्षं ती सीट पुसली, पण गंमत म्हणूनही कधी टेकलो नव्हतो.

"मी बसते," गऊबाई म्हणाल्या. "रुतली तर माझ्यासकट रुतू द्या."

मी खाली उतरलो. पाय रोवून मागचं दार उघडलं आणि कडक सॅल्यूट ठोकला. आयुष्यात पहिल्यांदाच मागच्या दाराला माझा सॅल्यूट कामी आला. त्या चपला काढून आत बसल्या. टॉवेलावर पदर नीट केला. दार लागलं.

दार लागलं की या गाडीत काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. जग एकदम मुकं होतं. बाहेर सगळं गाव ओरडत होतं, कोणी हात हलवत होतं, पोरीबाळी खिदळत होत्या, आणि आत नुसता एसीचा आवाज. आरशात मला गऊबाई दिसत होत्या. त्यांनी काचेवर बोटानं टकटक केलं. बाहेरच्या बायकांना काहीतरी म्हणाल्या. बाहेरच्यांनी कानाला हात लावला. त्यांनी काच खाली करायचं बटण शोधलं.

"ही काच खाली होत नाही, मावशे," मी म्हणालो.

"कवाच?"

"कवाच न्हाई."

लोक काचेला तोंड लावून बोलत होते आणि एक शब्द आत येत नव्हता. मग त्या म्हणाल्या, "एवढं मोठं माणूस, आन त्येला कोणाचा आवाजबी येत न्हाई? असंच फिरतंय का ते बिचारं?"

साळुंके साहेबांनी मान वळवून मागं पाहिलं. ते मला म्हणाले, "चल."

मी गाडी सोडली. लवणाच्या तोंडाशी वेग कमी केला, गिअर खाली घेतला आणि पायांनी जमीन ऐकायला लागलो. ड्रायव्हरला रस्ता तळपायातून आणि बुडातून कळतो, डोळ्यांतून नाही. चाकं मुरमावर चढली. गाडी किंचित बसल्यासारखी झाली आणि मग खालून टणक हात लागावा तशी ती उचलली गेली. पलीकडं वर चढून मी थांबलो नाही. वळवली आणि पुन्हा लवणातून आणली. तिसऱ्या खेपेला मुद्दाम मधोमध उभी केली, ब्रेक दाबून धरला आणि तिथून पुन्हा उचलली. चाकांचा ठसा उमटला, पण खोल गेला नाही.

"बोल," साहेब म्हणाले.

"जाईल, साहेब," मी म्हणालो. "पण उद्या सकाळी या रस्त्यावर पाण्याचा एक थेंब पडता कामा नये."

साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यांनी वायरलेसवरून थांबा कायम केला. त्यांचं हे ऋण मी मानतो. त्यांच्या जागी दुसरा असता तर अजून चार जणांना विचारून, स्वतःचे हात कोरडे ठेवून मग बोलला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गऊबाई काठी घेऊन लवणावर उभ्या होत्या, घागर घेतलेली बाई दिसली की हाकलायला. पाहुणा येताना सडा न टाकलेलं ते आमच्या भागातलं पहिलंच गाव असावं. ताफा आला तो धुळीचा लोट घेऊनच. पाहुण्यांची गाडी लवणातून पाणी कापल्यासारखी निघाली. तिच्या मागोमाग माझी, रिकामी.

थांब्यावर माझ्या कामाचा नियम असा की इंजीन चालू, दारं बंद, हात चाकावर. त्यामुळं पुढचं सगळं मी पाहिलं, पण ऐकलं नाही. राष्ट्रपती उतरले. गऊबाईंनी ओवाळलं. सुरक्षेच्या माणसांनी त्यांना आधीच बजावलं होतं की ओवाळायचं, घोंगडं द्यायचं आणि मागं सरायचं. त्या सरल्या नाहीत. त्यांनी राष्ट्रपतींचा दंड धरला. गऊबाई काहीतरी म्हणाल्या. राष्ट्रपतींनी ऐकण्यासाठी मान खाली केली, दुभाष्यानं कानात सांगितलं, आणि ते मोठ्यानं हसले. मग ठरलेल्या वेळेकडं न बघता मागाच्या छपरात गेले आणि तिथं बसलेल्या एकेका बाईशी बोलले. जाताना मिळालेलं घोंगडं माझ्या मागच्या सीटवर आलं, कारण भेटवस्तू रिकाम्या गाडीत ठेवतात. नांदेडपर्यंत माझ्या बंद गाडीत लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास भरून राहिला. मी एसी वाढवला नाही.

पुढं काही दिवसांनी मुद्दाम तिकडं गेलो आणि गऊबाईंना विचारलं, काय म्हणालात. त्या सूत काढत होत्या. म्हणाल्या, "काय म्हणणार? इचारलं, सायब, आता ऐकू यायलंय का?"

आमच्या गाडीचं पुढं काय व्हायचं तेच झालं. जाड काचा उन्हानं पोटातून पांढऱ्या पडत गेल्या, बघायचं म्हटलं तर धुकं दिसायचं. सुटे भाग मिळेनात. पोलीस लाइनीतल्या लिंबाखाली ती उभी राहिली आणि एक दिवस लिलावात गेली. तिच्या निरोपाला करीमभाई नव्हते, आधीच गेले होते. एकच गोष्ट मनाला लागते. त्यांना मी मेंढरांची गोष्ट सांगितली, पण ते रस्ता बघायला यायचं ठरवत राहिले आणि मी न्यायचं पुढं ढकलत राहिलो. फ्रान्सच्या त्या ड्रायव्हरची गोष्ट मात्र त्यानंतर त्यांनी मला पुन्हा सांगितली नाही. मी तो मान समजतो.

यंदा येलदरीकडं एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावात गेलो. लवणावर आता पूल आहे. मागाच्या छपरातून खटखट येत होती, तरण्या पोरी बसल्या होत्या, मला बरं वाटलं. गऊबाई अंगणात बाजेवर होत्या. आता फार थकल्यात. मी पाया पडलो, नाव सांगितलं. त्यांनी नुसतं बघितलं आणि बोटानं स्वतःच्या कानावर टकटक केलं, त्या दिवशी काचेवर केलं होतं तसंच. आता त्यांना ऐकू येत नाही.

मी बाजेशी गुडघे टेकले, कानाला तोंड लावलं आणि मोठ्यानं म्हणालो, "मावशे, मी ग्यानबा. त्या रिकाम्या गाडीचा ड्रायव्हर."

त्यांनी हात चाचपत माझा दंड धरला.

"रिकामी कवा व्हती रे?" त्या म्हणाल्या. "मी बसले व्हते की."